आता बैलालाही इंट्रो!

पोळ्याचे बैल यंदा वेशीत नंतर आले, मोबाइलवर आधी आले. काळा पडदा. ठिणग्या. ढोलाचा एक दणका आणि सोनेरी अक्षरांत 'सर्जा'. दुसरा दणका, 'राजा'. शिंगांच्या टोकांवर निळी वीज, खुरांखाली ज्वाळा, आणि मग धुरातून जोडीची एंट्री, तीही स्लो मोशनमध्ये! अहो, बैल जन्मजात स्लो मोशनमध्येच चालतो. त्याला आणखी मंद केलं तर तो उभाच राहणार ना? राहिला. बैल नुसता उभा आणि मागं सिनेमातल्या खलनायकाचं संगीत. खाली 'एडिट बाय' लावून पोराचं नाव, बैलाच्या नावापेक्षा दोन बोटं मोठं. आणि ज्यांनी वर्षभर त्या जोडीचं चारापाणी केलं, ते तात्या कुठं आहेत? ते क्रॉप झाले.

आता बोला! का आपण बोलायचंच नाही? नांदेड-लातूरकडं चाललंय तरी काय? वजिराबादला चहा प्यायला जावं, तर शेजारच्या टेबलावर दोन पोरं कीफ्रेमवरून हमरीतुमरीवर आलेली. लातुरात गंजगोलाईला उभं राहावं, तर तिथून सोळा रस्ते फुटतात आणि सोळाही रस्त्यांवर कुणी ना कुणी मान खाली घालून, दोन बोटांनी टाइमलाइन ताणत चाललेलं. मागून ट्रक हॉर्न देतोय, पण साहेबांना ऑडिओ जुळवायचाय. "काय करूलालास रे?" असं लातुरात विचारा किंवा "काय करायलास?" असं नांदेडात विचारा, उत्तर एकच: एडिट.

ज्या जिन्यावर एकेकाळी 'मराठी ३०, इंग्रजी ४०' अशी टायपिंगची पाटी होती, तो जिना आठवतो का? त्यावर पुढं एमएस-सीआयटीची पाटी लागली, मग डीटीपीची, मग 'येथे फ्लेक्स करून मिळतील'ची. आता तिथं नवी चकचकीत पाटी आहे. तिच्यावर आफ्टर इफेक्ट्स, प्रीमियर, दाविंची अशी भारदस्त नावं, एक कॅमेरा आणि एक आग ओकणारा ड्रॅगन. ड्रॅगनचा इथं काय संबंध? विचारायचं नाही. जिना तोच, कुबट वास तोच, आणि नीट पाहिलंत तर सरही तेच.

आणि हे कुठं, तर लातुरात! ज्या लातूरनं अख्ख्या महाराष्ट्राला सराव परीक्षा म्हणजे काय ते दाखवलं, त्या लातुरात! 'लातूर पॅटर्न' म्हटलं की परभणी-हिंगोलीचे बाप पोराला ट्रंकेसकट गाडीत बसवायचे. राजर्षी शाहूला नाही तर दयानंदला नंबर लागला, की पेढे वाटायचे. पहाटे चारला उठणारी पोरं ही या शहराची शान. पोरगं आजही पहाटे चारला जागंच असतं, फक्त ते अजून झोपलेलं नसतं. जीवशास्त्राच्या पुस्तकाआड मोबाइल, मोबाइलवर 'हॅलो गाइज' म्हणणारा कुणी हिंदी गुरू, आणि वहीत पेशीविभाजनाच्या जागी लेयरची उतरंड. एकानं तर पेशी दुभंगताना इतकी देखणी ॲनिमेट केली म्हणे, की क्लासमध्ये सरांनी ती सगळ्यांना दाखवली. सराव परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. उत्तर चुकलं, एक गुण वजा. आई रडकुंडीला येऊन विचारते, "मेरिट लागतं का हो याच्यात?" लागतं की मावशी. व्ह्यूजचं.

बाप चिडून म्हणतो, सिनेमात जायचंय का तुला? पोरगं तयारच असतं: बाभळगावच्या देशमुखांचा रितेश शिकला आर्किटेक्चर आणि २०२२ साली 'वेड' कुणी दिग्दर्शित केला? यावर बापाकडं उत्तर नसतं. असलं तरी तो ते जेवताना देत नाही, कारण जेवताना तो स्वतः रील बघत असतो.

मूळ कुठंय याचं? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, विसरलात? नंतर पाऊस झाला, आणि त्याच सप्टेंबरात जिओ आलं. पाण्याची तहान भागली, डेटाची लागली ती लागलीच. पुढच्या फेब्रुवारीत व्हॉट्सॲपनं व्हिडिओचं स्टेटस आणलं, तीस सेकंदांचं. झालं! तीस सेकंदांत अख्खा भाऊ मावला पाहिजे. भाऊ गाडीतून उतरतोय, भाऊ गॉगल चढवतोय, भाऊ कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकतोय, भाऊ परत गाडीत बसतोय. कुठं गेला होता भाऊ? कुठंच नाही. उतरला आणि बसला. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि नेटवर ताण नको म्हणून कंपनीनं भारतात स्टेटस पंधरा सेकंदांवर आणलं. काय अनर्थ! निम्म्यातच भाऊ संपायचा. गॉगल हातातच राहायचा. त्या महिन्यांत लोकांनी काय काय सोसलं ते सांगतात, पण अर्ध्या भाऊचं दुःख कुणी लिहून ठेवलं का?

त्यातच २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं एका फटक्यात ५९ चिनी ॲप बंद केली. टिकटॉक गेलं म्हणून देश हळहळला. पण त्याच यादीत व्हिवाव्हिडिओ होतं, आणि त्याचं सुतक पाळलं ते आपल्याकडच्या एडिटरांनी. पण सुतक किती दिवस चालणार? जुलैत इन्स्टाग्रामनं रील्स उघडून दिलं, कोरियाचं काइनमास्टर हाताशी होतंच, मागून अलाइट मोशन आलं. आता शिकायचीही गरज नव्हती. दुसऱ्यानं केलेला एडिट फाइलीतून घ्यायचा, त्यातला फोटो तेवढा बदलायचा. "भाऊ, एक्सएमएल दे ना" ही मराठवाड्यातली नवी माधुकरी. देणाराही कसला खवट! म्हणतो, आधी फॉलो कर, मग चार मित्रांना करायला लाव, मग देतो. दिली, तर त्यातला फॉन्ट देत नाही.

वाढदिवसाच्या व्हिडिओंवर तर काय बोलावं? बोलावंच. अमेरिकेत सॉल बास नावाचा एक ग्राफिक डिझायनर होऊन गेला. त्याच्या आधी तिकडं सिनेमाच्या सुरुवातीची नावं कुणी फारशी बघतच नसे. लोक खुर्च्या शोधायचे, खाऊ आणायचे. यानं १९५५ च्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'साठी कागदातून कापल्यासारख्या पांढऱ्या पट्ट्या पडद्यावर सरकवल्या, त्यांचा वेडावाकडा हात केला, आणि माणसं नावं बघायला वेळेवर येऊन बसू लागली. बास बिचारा १९९६ साली गेला. त्यानं आपलं 'शुभेच्छुक' पाहायला हवं होतं! भाऊ दोन सेकंद, शुभेच्छुक अठ्ठावीस. एकेक नाव फिरत येतं, आपटतं, फुटतं, तुकड्यांतून पुढचं नाव उगवतं. सत्तावीस नावं झाली की अठ्ठाविसाव्याचा फोन: "माझं नाव फुटलं नाही, नुसतं सरकलं. आपली काय इज्जत हाय का नाय?" परत रेंडर, म्हणजे अख्खा व्हिडिओ यंत्राकडून पुन्हा बनवून घ्यायचा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर बघायलाच नको. चिन्ह शिट्टी असेल तर ती गरगर फिरत अवकाशातून येते, गावावर उतरते आणि पाण्याच्या टाकीवर विराजमान होते. चिन्ह कपबशी असेल तर बशीतून सूर्योदय. रोड रोलर मिळालेल्या उमेदवाराची चंगळच, तो विरोधकाच्या पॅनलवरून जातो. निकालात पडला तो भाग वेगळा, व्हिडिओत तर चिरडलं ना?

एडिटर म्हणवणारा हा प्राणी कसा घडतो, हेही आपण जवळून पाहिलंय. पहिल्या आठवड्यात तो सॉफ्टवेअरमधले सगळे ट्रान्झिशन एकाच व्हिडिओत घालतो. पान उलटतं, घन फिरतो, चांदण्या पडतात, दारं उघडतात, आणि त्या दारातून कोण येतं, तर आत्याबाई पापड लाटताना. एवढे कशाला रे? तर आहेत म्हणून. सॉफ्टवेअरला एक पैसा दिलेला नसतो, तरी वसूल करायचं असतं. फुकटाचीही एक गंमत सांगते. दाविंची रिझॉल्व्ह नावाचं, मोठमोठ्या सिनेमांचे रंग ज्याच्यावर होतात ते सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक कंपनीनं २००९ मध्ये विकत घेतलं आणि त्याची एक आवृत्ती राजरोस फुकट देऊन टाकली. कुणाचा विश्वास बसेल? पोरं संशयानं बघतात. फुकट देतात म्हणजे काहीतरी खोट असणार! आणि मग कुठल्याशा अंधाऱ्या साइटवरून प्रीमियरचं क्रॅक उतरवतात, सोबत तीन व्हायरस घेतात, आणि निर्धास्त होतात.

पुढची पायरी कीफ्रेमची. इथं मात्र माणूस खरोखर बदलतो बरं का. तत्त्व सोपं आहे: वस्तू या क्षणी इथं, त्या क्षणी तिथं, एवढंच सांगायचं, मधल्या सेकंदाला पंचवीस चौकटी यंत्र भरून घेतं. भाऊचा फोटो डावीकडून सुटतो, एका चालीनं, म्हणजे 'लिनियर', येतो आणि मधोमध धाडकन थांबतो. जगात काहीच असं सुटत नाही नि असं थांबत नाही, म्हणून ते डोळ्याला टोचतं. मग कुणीतरी जाणता सांगतो, एफ नाइन दाब. दाबलं की तोच फोटो अलगद निघतो, वेग घेतो, अलगद विसावतो. त्याला म्हणतात 'ईझी ईझ'. ज्याला हे दिसलं त्याला दुसरं काही दिसत नाही. नांदेडची एसटी खड्ड्यातून आदळत गेली की सगळी गाडी कंबर धरते, हा डोळे मिटून म्हणतो, "लिनियर आहे." आजी पाळण्याची दोरी ओढते, तर हा बाळाकडं बघतच नाही, पाळण्याकडं बघतो. "आजी, काय ईझ हाय गं तुझ्या हातात!" आजी घाबरून मीठ-मोहऱ्या ओवाळते.

आणि आपल्या मराठीची तर या मंडळींनी काय गत केली म्हणून सांगू! सॉफ्टवेअर साहेबांचं. 'हार्दिक' लिहावं तर वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर, रफार लटकलेला, आणि 'शुभेच्छा'तला च पाय मोडून पडलेला. आत कुठंतरी मजकुराचं इंजिन बदलायची सोय असते, दक्षिण आशियाई लिपीचं इंजिन निवडलं की अक्षरं आपापल्या जागी जातात. पण ती खूण सापडेपर्यंत निम्म्या तालुक्याचे वाढदिवस मोडक्या अक्षरांत साजरे होऊन गेलेले असतात. त्यात एकेक अक्षर उडत यावं असा हट्ट! इंग्रजीत एकेक अक्षर येतं. मराठीत आधी नुसती वेलांटी येते, मग काना येतो, मात्रा कुठूनतरी घिरट्या घालत उतरते, व्यंजनं सगळ्यात शेवटी. गणपतीच्या आगमनाच्या व्हिडिओत तर अनुस्वार कोपऱ्यात जाऊन बसला तो बसलाच. मंडळातल्या कुणाला खटकलं नाही. त्यांना वाटलं, मोदक आहे.

मग रेंडर. रात्रभर पंखा घरघरतो, घरात कुणी फ्रिजचं दार जोरात लावायचं नाही, इस्त्री करायची नाही, कुकरची शिट्टीसुद्धा हळू. आणि ९७ टक्क्यांवर लाइट जाते. ही लाइट ९७ लाच का जाते? ४० ला का जात नाही? महावितरणला कसं कळतं? पोरगं ज्या आवाजात ओरडतं, त्या आवाजात घरात कुणी गेल्यावरही ओरडत नाहीत. शेजारी धावत येतात. "काय झालं?" "सेव्ह केलं नव्हतं."

त्यातून वाचलेल्यांसाठी आणखी एक नरक असतो, लाल रंगाचा. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेऊन पोरगं ऐटीत मित्राच्या जोरकस पीसीवर जातं, उघडतं, आणि पडद्यावर तांबडंभडक: मीडिया ऑफलाइन! तेही अनेक भाषांत, म्हणजे कुठल्याच देशात गैरसमज नको. प्रोजेक्टच्या फाइलीत व्हिडिओ नसतातच मुळी. तिच्यात असतात नुसते पत्ते: अमुक क्लिप अमुक फोल्डरमध्ये, तिचा एवढा तुकडा घ्या. आणि मूळ क्लिपा तर जागा करायला म्हणून काल स्वतःच उडवलेल्या. कुणाच्या होत्या? शेजारच्या ताईच्या हळदीच्या. आता हळद परत लावायची?

लग्नावरून आठवलं. आपल्या वेळी 'कॅसेट मिक्सिंगला दिलीय' हे वाक्य पाळणा हलेपर्यंत ऐकू यायचं. शूटिंगवाला मामा दिवा डोक्यावर धरून जेवणाऱ्यांच्या घासापर्यंत जायचा. महिन्यांनी कॅसेट यायची, त्यात नवरा गुलाबात, नवरी बदामात, आणि मधूनच स्वित्झर्लंडचे डोंगर. तेव्हा आपण हसलो का? नाही, शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. पुढं एडियस नावाच्या सॉफ्टवेअरवर मिक्सिंग व्हायला लागलं आणि बदाम कमी झाले. आता तर लग्न ठरायच्या आधी टीझर येतो. पत्रिका कागदाची छापतात ती देवापुढं ठेवण्यापुरती. खरी पत्रिका व्हिडिओची. राजवाड्याची दारं उघडतात, त्यातून दारं, त्यातून आणखी दारं, इतकी दारं की वऱ्हाड आत पोचेस्तोवर मुहूर्त टळावा. मग नवरदेव, नावापुढं पदवी, कंसात 'एमपीएससी तयारी', त्याच्यावर सोन्याची धूळ. शेवटी लाडिक आवाजात 'माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. काकानं आवाज स्वतःचाच दिलाय आणि पिच वाढवलाय, हे ओळखणारेही आता गावोगाव निघालेत. वधू-वर मेळाव्यात मुलाची माहिती वाचून दाखवतात तेव्हा 'दोन एकर बागायत'च्या पुढं 'स्वतःचा पीसी, ३२ जीबी रॅम' येतं आणि मुलीकडचे एकमेकांकडं बघतात. ग्राफिक्स कार्ड विचारायचं राहिलं की!

ते ग्राफिक्स कार्ड येतं कुठून, तेही सांगून टाकू. आडतीवर सोयाबीन घातलं, पट्टी हातात आली, की त्या पट्टीवर घरात तीन हक्क: बी-बियाण्याचा, सोसायटीच्या हप्त्याचा आणि धाकट्याच्या कार्डाचा. भाव पडला असेल तर बियाणं उधार आणतात. कार्ड उधार मिळत नाही.

थांबा, अजून एक सांगायचंच राहिलं. यांनी श्रद्धांजलीही सोडली नाही हो! 'भावपूर्ण श्रद्धांजली' थरथरत येते, मोडते, टीव्ही बिघडल्यासारखे पट्टे पडतात, परत जुळते. आप्पांचा फोटो झूम होतो, मागं जातो, झूम होतो. डोळ्यांत चमक टाकलेली. सत्तर वर्षं जो माणूस शांतपणे अंगणात बसला, तो गेल्यावर ठिणग्यांतून चालत येतो! आणि आपण काय करतो? हात जोडल्याची खूण टाकतो, आणि मग तो व्हिडिओ दुसऱ्यांदा बघतो.

म्हाताऱ्याकोताऱ्यांना तरी यातून वगळावं, तर तेच सगळ्यांत पुढं. टाळेबंदीत झेडपीच्या गुरुजींनी पोरांसाठी काइनमास्टरवर धडे बनवायला घेतले, साक्षात परोपकार. शाळा उघडल्या, गुरुजी काही थांबले नाहीत. हिरवा पडदा म्हणून घरातली पोपटी साडी भिंतीला लावलेली असते. तीच साडी नेसून काकू मध्ये आल्या की काकूंच्या अंगातून मंगळ ग्रह दिसतो. निवृत्तीनंतर गुरुजी तीर्थयात्रेला जाणार होते. त्याऐवजी पेन्शनमधून माइक घेतला.

महाराजांचं तर विचारूच नका. कीर्तनात ते आपल्याला सोलून काढतात: मोबाइलनं पिढी नासली, बायका रील बघतात, स्वयंपाक करपतो! टाळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच वाक्य मोबाइलवर, पिवळ्या ठसठशीत अक्षरांत, 'करपतो'वर कॅमेरा दचकलेला, मागं डग्ग्याचा ठेका आणि शेवटी 'पुढील भाग पाहण्यासाठी फॉलो करा'. एडिटर कोण? महाराजांचा भाचा. आणि स्वयंपाक कुणाचा करपला? तो व्हिडिओ बघणाऱ्या सगळ्यांचा.

माळेगावच्या यात्रेत जा. खंडोबाचं दर्शन, जनावरांचा बाजार, सगळं जुनंच. पण घोड्याचा सौदा करायला आलेला माणूस घोड्याचे दात बघायच्या आधी त्याची रील बघतो. घोडेवाला सांगतो, "चाल बघा मालक." मालक बघतो. चाल स्लो मोशनमध्ये असते.

आता कुणी म्हणेल, ही नवी पिढीच बिघडलेली. खोटं! या वेडाचा पहिला आरोपी आपल्याच नाशिकचा आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावून दिवसेंदिवस थोडे थोडे फोटो घेत बसले. फिल्म चालवली तर वाटाणा डोळ्यांदेखत उगवला, वाढला, वेल झाला. 'अंकुराची वाढ' हे त्या फिल्मचं नाव, आणि ती दाखवून त्यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं केलं. चाळिशी ओलांडलेला, घरात पोरंबाळं असलेला माणूस, विम्याच्या पॉलिशा गहाण, सरस्वतीबाईंचे दागिने गेलेले, आणि हा वाटाण्यासमोर बसून! शेजाऱ्यांना काय वाटलं असेल? तरी पुढं 'आगकाड्यांची मौज' काढलीच; काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकट हलवत नाचवल्या. आणि सरस्वतीबाई? त्या घरच्या रगाड्यातून उठून रात्री फिल्मच्या कडेला भोकं पाडत बसायच्या, ती धुवायच्या. औसा रोडवर ज्या काकू पहाटे उठून मुलाला विचारतात, "किती टक्के झालं रे?" त्यांनी हे वाचलं तर त्यांची मान आणखी उंच होईल.

निदान सरकारनं तरी शहाण्यासारखं वागावं! तर २०२२ च्या अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी कृतिदल जाहीर झालं, आणि मे २०२५ मध्ये मुंबईत 'वेव्हज' नावाचा चार दिवसांचा भव्य सोहळा भरला. आयटीआयच्या ट्रेडांतही मल्टिमीडिया ॲनिमेशन आहे, फिटर-वेल्डरच्या शेजारी. म्हणजे ज्या कारट्याला आपण 'मोबाइल ठेव आणि अभ्यास कर' म्हणून ओरडलो, तो अभ्यासच करत होता की काय? हा तर उघड उघड विश्वासघात झाला. ओरडायचं तरी कुणावर आता?

त्यातून यातली जी चार पोरं खरी हाताला लागली, ती तर पार कामातून गेली. ती आता काही लावतच नाहीत! ठिणग्या काढून टाकल्या, वीज काढली, सोनं खरवडलं. नुसतं कापतात. एका लग्नाचा व्हिडिओ अशा एकानं केला: मुलीचा बाप मांडवाच्या दांडीला टेकून चपला शोधतोय, चपला समोरच आहेत, त्याला दिसत नाहीत. कट. गाडीचं दार. संपलं. ना गाणं, ना बदाम. सगळ्या पाहुण्यांनी तक्रार केली की आम्ही कुठंच नाही, आमचे पैसे वाया. आणि मुलीच्या बापानं तो तुकडा कुणालाच पाठवला नाही, ठेवून घेतला. याला काय धंदा म्हणतात? शुभेच्छुकांनी जगायचं कसं?

आपण आपले बघे. आपल्याला त्यातलं काही येत नाही, आपल्याला काही करायचंही नाही. होय ना? मग जावईबापूंच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत तुमच्या साडीचा रंग उजळ कुणी केला? 'मला जरा बारीक दाखव' हा निरोप शूटिंगवाल्याला कुणाच्या फोनवरून गेला? सिनेमा बघताना शेजारणीला कोपर मारून 'इथं कट आहे बघ' असं कोण म्हणालं? सोसायटीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण दारं उघडत-उघडत कुणाच्या नंबरवरून आलं? काल रात्री पावणेदोनला ऑनलाइन कोण कोण होतं, ते आम्ही सगळं पाहिलंय. आम्ही का जागे होतो, म्हणता? काही नाही हो. रेंडर लावला होता. भाचीचं बारसं आहे, आणि तिच्या नावाच्या आधी ढग फाटायला नकोत का?